बुद्धिबळ : जन्मभूमी आणि कर्मभूमी

(व्याख्यानाचे शब्दांकन)



बुद्धिबळाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानी पडते, ‘हा खेळ मूळचा आपलाच.’ वाक्य खरे आहे. पण त्याच्यापाठोपाठ येणारा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. खेळ आपला होता, तर १८५१ साली लंडन येथे पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली तेव्हा तिच्यातील सोळा खेळाडूंत एकही भारतीय का नव्हता? जगज्जेतेपदाची अधिकृत परंपरा १८८६ साली स्टाइनिट्झपासून सुरू झाली. त्या मालिकेत पहिले भारतीय नाव यायला २००० साल का उजाडावे लागले? ज्यांच्या घरी मूल जन्माला आले, त्यांच्या घरी ते वाढले का नाही, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ परकीय राजवटीवर ढकलून भागत नाही.

आधी जन्माचा दाखला पाहू. लंकेला वेढा पडला असताना रावणाचे मन रमावे म्हणून त्याच्या राणीने, म्हणजे मंदोदरीने, हा खेळ रचला, अशी कथा प्रचलित आहे. सर विल्यम जोन्स यांनी ती कथा १७९० साली आपल्या निबंधात नोंदवली आणि तेव्हापासून ती जगभर फिरली. पुढे १८६० साली डंकन फोर्ब्स या स्कॉटिश पंडिताने हा खेळ पाच हजार वर्षांचा जुना असल्याचे प्रतिपादन केले. त्याचा आधार काय, तर चार खेळाडूंनी फासे टाकून खेळावयाच्या चतुरंगाचे वर्णन, जे पुराणातील म्हणून सांगितले जाई. ते वर्णन प्रत्यक्षात आढळते बंगालमधील रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्व’ या पुष्कळ अलीकडच्या ग्रंथात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच वेबर आणि फान डर लिंडे या अभ्यासकांनी हा डोलारा पाडला. तरीही पाच हजार वर्षांचा आकडा आपल्या व्याख्यानांतून आणि शाळेच्या भित्तिपत्रकांतून आजही डोकावतो. गंमत अशी की, ज्या आकड्याचा आपण अभिमान बाळगतो, तो आपल्या परंपरेने दिलेलाच नाही.

त्या आकड्याची गरजही नाही, कारण जो पुरावा आहे तो भक्कम आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने सम्राट हर्षाचे चरित्र लिहिले. हर्षाच्या राज्याची थोरवी सांगताना त्याने एक श्लेष केला आहे. ‘चतुरंगकल्पना’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, अपराध्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा. दुसरा, चतुरंगाची मांडणी. हर्षाच्या राज्यात चतुरंगकल्पना आढळे ती फक्त अष्टापदांवर, असे बाण म्हणतो. अष्टापद म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा पट. हा पट चतुरंगाच्याही आधीपासून फाशांच्या खेळांसाठी वापरात होता. आता विचार करा, श्लेष केव्हा साधतो? वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ चटकन कळतात तेव्हाच. म्हणजे बाणाच्या वाचकांना चतुरंग हा खेळ समजावून सांगण्याची आवश्यकता उरली नव्हती. एका विनोदाने जे सिद्ध केले, ते दहा दंतकथांनी सिद्ध झाले नसते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही आपल्या सैन्याची चार अंगे, त्यांवरून खेळाचे नाव ‘चतुरंग’. एच. जे. आर. मरे या इंग्रज इतिहासकाराने १९१३ साली खेळाचा प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला, त्यातही जन्मभूमीचा मान भारतालाच दिला.

बाणानंतर दोनशे वर्षांनी, नवव्या शतकात, काश्मिरातील रुद्रट या साहित्यशास्त्रज्ञाने ‘काव्यालंकारा’त एक श्लोक दिला आहे. त्याची बत्तीस अक्षरे अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत मांडावीत आणि घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने वाचीत जावे; प्रत्येक घर एकदाच लागते आणि श्लोक पुन्हा तोच उमटतो. युरोपातील थोर गणिती ऑयलर याने घोड्याच्या याच फेरीचा गणिती विचार मांडला तो १७५९ साली. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. पाकशास्त्रापासून गजशास्त्रापर्यंत सर्व विषयांना स्पर्श करणाऱ्या या ग्रंथात चतुरंगाचेही सविस्तर वर्णन आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’त राजनीतीबरोबर या खेळाचाही विचार केला. तेव्हा आपल्या पूर्वजांनी खेळाची उपेक्षा केली, असे म्हणता येत नाही. मग बिघडले कुठे?

त्याचे उत्तर शोधण्यासाठी खेळाच्या मागोमाग देशाबाहेर जावे लागते. सहाव्या शतकात इराणात खुसरो अनुशिरवान राज्य करीत होता. भारतीय राजाने त्याच्याकडे हा पट कोडे म्हणून पाठविला आणि त्याचा मंत्री बुजुर्गमेहर याने ते उलगडले, अशी कथा जुन्या पहलवी ग्रंथात आणि पुढे फिर्दौसीच्या ‘शाहनाम्या’त येते. कथा खरी असो वा नसो, इराण्यांनी हा खेळ भारताकडून आल्याचे स्वतःच्या ग्रंथात प्रांजळपणे नोंदवले, हे महत्त्वाचे. चतुरंगाचे तेथे ‘चतरंग’ झाले. अरबी भाषेत ‘च’ आणि ‘ग’ हे उच्चार नसल्याने त्याचे पुढे ‘शतरंज’ झाले. राजा धोक्यात आला की ‘शाह’ म्हणून सावध करावयाचे आणि तो हतबल झाला की ‘मात’. हे दोन्ही शब्द उलट प्रवास करून मराठीत इतके रुळले की, राजकारणावरील अग्रलेखसुद्धा त्यांच्यावाचून लिहिला जात नाही. आपल्या रथाला इराण्यांनी ‘रुख’ म्हटले आणि इंग्रजांनी ‘रूक’. आपण मात्र त्याच सोंगटीला हत्ती म्हणू लागलो. ज्याला आपण उंट म्हणतो, त्याला स्पेनमध्ये आजही ‘अल्फील’, म्हणजे अरबी हत्ती, म्हणतात आणि रशियन भाषेत तर सरळ ‘स्लोन’, म्हणजे हत्तीच! आपण विसरलो, ते रशियाने जपले.

बगदादच्या खलिफांच्या दरबारात या खेळाला जे स्थान मिळाले, ते त्याच्या इतिहासातील पहिले मोठे वळण. अल-अदली आणि अस-सूली हे तेथील नामवंत खेळाडू. त्यांनी केवळ खेळून दाखविले नाही. डावाच्या सुरुवातीच्या मांडण्या, अखेरच्या स्थिती, कोडी असे सारे लिहून ठेवले. खेळाचा शास्त्र म्हणून अभ्यास येथे आकाराला आला. अरबांबरोबर तो स्पेनला पोहोचला. १२८३ साली कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने खेळांवरील सचित्र ग्रंथ सिद्ध करविला, त्यात बुद्धिबळालाच अग्रस्थान आहे.

दुसरे वळण पंधराव्या शतकाच्या अखेरीचे. तोपर्यंत वजीर तिरपा एकच घर सरके आणि उंट तिरपी दोन घरे उडी मारी. त्यामुळे खेळ संथ चाले. व्हॅलेन्सियाच्या परिसरात ही रीत बदलली. युरोपात वजिराची राणी आधीच झाली होती. आता ती आठही दिशांनी वाटेल तितकी घरे जाऊ लागली आणि उंट तिरप्या रेषेत मोकळा सुटला. १४९७ साली लुसेनाचे पुस्तक सालामांका येथे छापले गेले, त्यात हे नवे नियम आहेत. मुद्रणकला नुकतीच आलेली होती. नवा नियम आणि छापलेले पुस्तक यांची गाठ पडली, आणि काही पिढ्यांत संपूर्ण युरोप एकाच नियमाने खेळू लागला. १७४९ साली फिलिदोर या फ्रेंच संगीतकाराने आपल्या ग्रंथात प्याद्यांच्या रचनेवर सारा भर दिला, त्यावर पुढच्या पिढ्यांनी टीका केली, दुरुस्त्या केल्या, नवे डाव जोडले. एकाने लिहावयाचे, दुसऱ्याने तपासावयाचे, तिसऱ्याने पुढे न्यावयाचे, असा क्रम पडून गेला.

आपल्याकडे हाच क्रम तुटला होता. वजीर आणि उंट यांच्या नव्या चाली इकडेही पोहोचल्या. परंतु बाकीचे नियम प्रांतोप्रांती वेगळे राहिले. सामान्यतः प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात गेले, त्याच मोहऱ्याचे रूप घेई. प्याद्याने मात करणे हा मोठा बहुमान समजला जाई. हे नियम मुळीच निकृष्ट नव्हते. संथ, संयमी, डावाच्या अखेरीचे बारकावे शिकविणारा असा तो खेळ होता. अडचण इतकीच की, दोन प्रांतांतील खेळाडू समोरासमोर बसले तर आधी नियम ठरविण्यात वेळ जाई. आणि डाव संपला की सोंगट्या पिशवीत पडत, त्यांच्याबरोबर डावही. नामांकित स्थिती आणि कोडी आपल्या शास्त्रीपंडितांनी जपली. परंतु पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत संपूर्ण डाव लिहून ठेवण्याची रीत रुजली नाही. संस्थानिकांच्या दरबारात शेकडो नामवंत खेळून गेले असतील. त्यांनी काय खेळले, हे आज कोणालाही सांगता येणार नाही.

काळाची पावले ओळखणारे कोणीच नव्हते, असे नाही. १८१४ साली, पेशवाई अजून उभी असताना, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मुंबईत छापला गेला, तोही युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून. एका संस्कृत शास्त्र्याची कोडी जगाच्या नियमांत बसवून जगापुढे ठेवण्याचा तो प्रयत्न आपल्याकडील किती बुद्धिबळप्रेमींना ठाऊक आहे? १८२९ साली मद्रासच्या गुलाम कासिम यांनी एका युरोपीय प्रारंभाचे विश्लेषण जेम्स कोक्रेन यांच्यासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

याच आडनावाचे दुसरे गृहस्थ, जॉन कोक्रेन, हे कलकत्त्यात वकिली करणारे त्या काळचे एक बलाढ्य खेळाडू. कलकत्त्याबाहेर ग्रामीण भागात राहणाऱ्या, कधीच न हरलेल्या एका ब्राह्मणाची वार्ता १८४८ च्या सुमारास त्यांच्या मंडळापर्यंत आली. त्याचे नाव महेशचंद्र बंदोपाध्याय. युरोपीय नियम महेशचंद्रांना नवे होते, आणि तरीही ते कोक्रेनना जड जाऊ लागले. पुढील बारा-चौदा वर्षे दोघे शेकडो डाव खेळले. प्यादे एकेक घर सरकविण्याची सवय अंगी मुरलेली असल्याने महेशचंद्र मध्यभागी प्यादी भिडविण्याची घाई करीत नसत. राजाच्या बाजूचे घोड्याचे प्यादे एक घर पुढे, त्यामागे उंट दबा धरून, आणि प्रतिपक्षाला मध्यभाग खुशाल व्यापू द्यावयाचा. युरोपीय खेळाडूंना ही मांडणी विचित्र वाटे. परंतु पाऊणशे वर्षांनी, १९२० च्या दशकात, तेथील नव्या विचारांच्या खेळाडूंनी तिचे सामर्थ्य ओळखले आणि अशा बचावांना ‘इंडियन’ हे नाव रूढ झाले. ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूच्या नावाने १९२२ पासून ओळखला जाणारा बचाव महेशचंद्रांनी कोक्रेनविरुद्ध १८५५ मध्येच खेळला होता. आज जगातील प्रत्येक ग्रँडमास्टर ‘किंग्ज इंडियन’ शिकतो. पण लक्षात घ्या, महेशचंद्रांचे डाव टिकले ते कोक्रेननी लिहून ठेवले म्हणून. कोक्रेन भेटले नसते तर? महेशचंद्रांच्या आधीही कितीतरी महेशचंद्र झाले असतील. त्यांना कोक्रेन भेटले नाहीत.

पुढच्या शतकातील मीर सुलतान खान यांची कहाणी याहून हृदयस्पर्शी आहे. पंजाबातील मिठा टिवाणा या गावचा हा तरुण भारतीय पद्धतीने खेळण्यात तरबेज होता. सर उमर हयात खान या जमीनदाराने त्याला पदरी ठेवले. १९२८ साली तो अखिल भारतीय विजेता झाला, १९२९ च्या वसंतात धन्याबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून मोकळा झाला. १९३२ आणि १९३३ साली त्याने तेच पुन्हा केले. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका त्याच्याकडून हरला. ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या संघाचा पहिला पट त्याने सांभाळला. त्याच घरातील फातिमा या तरुणीने १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले. डावाच्या प्रारंभाचे पुस्तकी ज्ञान सुलतान खानकडे नव्हते. मधला आणि अखेरचा डाव मात्र त्याच्यासारखा थोडेच जाणत. १९३३ च्या अखेरीस धनी मायदेशी परतला आणि त्याच्यासोबत सुलतान खानही. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्याचा दहा डावांचा सामना झाला. त्याने नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. त्यानंतर स्पर्धेच्या पटावर त्याचे नाव जवळजवळ दिसतच नाही. जगातील पहिल्या दहांत गणला जाणारा खेळाडू आपल्या गावाकडच्या शेतीत विरून गेला, कारण त्याच्यामागे धनी होता, संस्था नव्हती. धन्याची इच्छा संपली तेथे कारकीर्द संपली. १९६६ साली तो निवर्तला. जागतिक संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ साली.

राजाश्रयावर जगणारी विद्या आश्रयदात्याच्या लहरीवर जगते, हे संगीताने अनुभवले, कुस्तीने अनुभवले, बुद्धिबळानेही. सांगलीला पटवर्धन संस्थानिकांच्या काळापासून या खेळाची परंपरा होती. पण सांगली बुद्धिबळाची पंढरी ठरली ती १९४१ साली स्थापन झालेल्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे आणि त्या मंडळासाठी आयुष्य वेचणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांमुळे. उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावची मुले सांगलीला यायची, खेळायची, हरायची, चाली लिहायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायची. यात दिपवून टाकणारे काही नाही. भाऊसाहेबांच्या शिष्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद आणि १९९१ साली आशियाई अजिंक्यपद मिळविले.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली अस्तित्वात आला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. देशी नियम सोडावयास तेव्हाही अनेक जुनी मंडळी नाराज होती. कित्येक गावांत त्यानंतरही वर्षानुवर्षे जुनाच खेळ चालू राहिला. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. आजोबांनी शिकविलेली राजाची ती घोड्याची उडी सोडून परक्यांचा किल्लेकोट स्वीकारणे कोणाला रुचेल? परंतु मॅन्युएल आरन यांनी १९६१ साली देशाचा पहिला इंटरनॅशनल मास्टर होण्याचा मान मिळविला तो या नव्या नियमांनी, नव्या पुस्तकांनी. मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात १९७२ साली त्यांनी ताल चेस क्लब उभा केला. आपण ज्याला चतुरंग दिला, त्या जगाकडून पुस्तके घेऊन शिकण्यात त्या मंडळींना कमीपणा वाटला नाही. त्याच क्लबात काही वर्षांनी विश्वनाथन आनंद हा मुलगा खेळावयास येऊ लागला.

मुंबईत खाडिलकर भगिनी पुढे आल्या. वासंती यांनी १९७४ सालची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली, जयश्री पहिल्या भारतीय महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या, रोहिणी यांनी १९८१ साली आशियाई अजिंक्यपद मिळविले. रोहिणी तेरा वर्षांच्या असताना, १९७६ साली, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की, स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. एका मराठी शाळकरी मुलीमुळे जगाच्या बुद्धिबळाचा नियम स्पष्ट झाला!

आनंद १९८८ साली देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. २००० सालच्या विश्वस्पर्धेच्या फेऱ्या दिल्लीत झाल्या आणि अंतिम सामना तेहरानमध्ये. चतुरंगाने पहिल्यांदा देश सोडला तो याच वाटेने. त्यानंतर २०१२ पर्यंत आनंदने आणखी चार वेळा जगज्जेतेपद मिळविले. पुढचे वाचकांच्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये पुरुष आणि महिला या दोन्ही संघांना सुवर्णपदक मिळाले. त्यांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होती. त्याच वर्षी डिसेंबरात अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बटुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. जॉर्जिया हा स्त्रियांच्या बुद्धिबळाचा गड; ग्रँडमास्टर किताब मिळविणारी जगातील पहिली स्त्री नोना गाप्रिंदाश्विली तेथलीच. त्या गडावर अंतिम सामन्यात पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय स्त्रिया होत्या, आंध्रची कोनेरू हंपी आणि नागपूरची दिव्या. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांचा पहिलाही तसाच गेला. दुसऱ्यात काळ्या मोहऱ्या घेऊन बसलेल्या दिव्याने शेवटपर्यंत दम धरला आणि प्याद्यांच्या अखेरीच्या झुंजीत सामना जिंकला. त्या विजयाबरोबर एकोणीस वर्षांची दिव्या देशाची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. त्या डावाची प्रत्येक चाल लिहिलेली आहे आणि आज कोणत्याही गावातले मूल तो डाव पट मांडून पहिल्यापासून खेळून पाहू शकते.